पुष्पक, दोन आसनांचं

पुष्पक विमानं दोन आहेत. एक आपल्या पद्मपुराणातलं, वैश्रवणाला हरवून रावणानं मिळवलेलं. आपल्याकडचा रावण म्हणजे दहा तोंडांचा राक्षस नव्हे, राक्षसवंशातला विद्याधर राजा. आणि विद्याधर म्हटले की विमान आलंच. दुसरं पुष्पक बंगळूरच्या कारखान्यात तयार झालं आणि २८ सप्टेंबर १९५८ या दिवशी पहिल्यांदा उडालं. पहिल्याची कथा आपण चातुर्मासात दरवर्षी ऐकतो. दुसऱ्याबद्दल आपल्या घरांत कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. खरं तर त्याच्यावर आपला हक्क थोडा जास्तच आहे, आणि तो का ते पुढे येईलच.

पुराणात विमान होतं म्हणजे आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कथा ती कथा. पण त्या कथेत एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. अंजना आठवते ना? सासूनं घराबाहेर काढलेली, माहेरानं दार लावलेलं, रानातल्या गुहेत बाळंत झालेली. तिचा मामा प्रतिसूर्य तिला आणि बाळाला विमानात बसवून घेऊन जातो. वाटेत बाळ उसळी मारून खाली पडतं, तर बाळाला काही होत नाही, खालच्या शिळेचाच चुरा होतो. तेच हनुमान. प्रवचनात इथपर्यंत आलं की सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. माझ्या मनात मात्र येतं की विमान मामाचं, चालवणार मामा, अंजना बसलेली. विद्याधरींनाही आकाशगामिनी विद्या येत होती असं तीच पुराणं सांगतात. मग कथेतली बाई नेहमी मागच्याच आसनावर का?

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण आपलं आदिलाबाद. निजामाच्या काळापासून गावाजवळ विमानांची धावपट्टी आहे. साडेतीनशे एकरांच्या वर जागा, हवाई दलाच्या ताब्यातली. वर्षानुवर्षं तिथं विमान दुर्मिळ, सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारी माणसंच जास्त. २०२५ साली संरक्षण खात्यानं तिथं नागरी विमानतळ करायला मान्यता दिली आणि गावात दुसरा विषय राहिला नाही. आपल्या महिला मंडळातही दोनच प्रश्न: हैदराबादला किती वेळात पोचणार, आणि शिखरजीला जाताना किती गाड्या बदलायच्या वाचणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तीनशे किलोमीटर रस्त्यानं जाऊन ज्यांनी पाय सुजवून घेतलेत त्यांनी ते विचारायलाच हवेत. पण दोन्ही प्रश्न तिकीट काढून बसणारीचे आहेत. तिसरा प्रश्न विचारायचा तर त्या दुसऱ्या पुष्पकाची हकीकत माहीत पाहिजे.

ती सुरू होते सोलापुरात. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातला. मूळ घर गुजरातेत वांकानेरचं, पण पिढ्या सोलापुरात व्यापार केलेला. आपल्याला ते माहीत असतात वालचंदनगरमुळे, साखरेमुळे, रावळगावच्या गोळ्यांमुळे. त्यांनी रेल्वेची ठेकेदारी केली, १९१९ साली सिंधिया कंपनीचं जहाज विलायतेला पाठवून इंग्रज बोटवाल्यांशी उघड सामना मांडला, पुढे मोटारीचा कारखाना काढला. ज्या धर्मात सर्वांत पूज्य माणसं वाहनाला स्पर्शही न करता पायी विहार करतात, त्या धर्मातल्या एका श्रावकानं जहाज, मोटार आणि विमान या तिन्हींचे कारखाने काढावेत, याची मला मोठी गंमत वाटते. विरोध नाही म्हणत मी, गंमत म्हणते.

विमानाचं असं झालं. १९३९ साली वालचंद मोटारींच्या बोलणीसाठी अमेरिकेला गेले होते. परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. तो चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवत होता. महायुद्ध सुरू झालेलं. वालचंदांनी तिथंच विचार पक्का केला की हे हिंदुस्थानात व्हायला पाहिजे. इंग्रज सरकारला विमानं हवी होती, पण हिंदी माणसानं ती बनवावीत ही कल्पना काही पचत नव्हती. मग म्हैसूर संस्थान पुढे आलं. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जागा दिली, संस्थानानं पंचवीस लाख घातले, आणि २३ डिसेंबर १९४० ला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी उभी राहिली. आज आपण जिला एच.ए.एल. म्हणतो तीच.

त्या कारखान्यातून सर्वांत आधी बाहेर पडलेलं विमान कोणतं, हे मला वाचताना कळलं आणि मी तिथंच थांबले. लढाऊ नाही, बाँब टाकणारं नाही. हार्लो नावाचं अमेरिकन बनावटीचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं दोन आसनांचं विमान. ऑगस्ट १९४१ मध्ये ते उडालं. कारखाना सुरू होऊन नऊ महिनेही झाले नव्हते.

वालचंदांचा त्या कारखान्यावरचा ताबा मात्र फार टिकला नाही. सरकार १९४१ मध्ये भागीदार झालं आणि १९४२ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं. जपान दाराशी आला होता आणि युद्धाचा कारखाना खाजगी माणसाच्या हाती ठेवायचा नव्हता. ८ एप्रिल १९५३ ला वालचंद वारले. पुष्पक त्यांनी पाहिलं नाही. आपल्या मंदिरांत दानशूरांच्या पाट्या भिंतभर असतात. त्यांचं मोल मला ठाऊक आहे, माझ्या माहेरच्यांचंही एक नाव अशा पाटीवर आहे. पण पाटी न लागलेल्या या कामाची आठवण कुणी काढत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

कारखाना आला, पण विमानाचा नकाशा अजून परदेशीच होता. तो काढणारा माणूस निघाला कोल्हापूर जिल्ह्यातला. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकून ते जर्मनीत ग्योटिंगनला गेले आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. प्रांट्ल म्हणजे हवा पंखावरून कशी वाहते याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते. त्यांच्या खोलीत बसून शिकलेला हसूरचंपूचा मुलगा बंगळूरच्या कारखान्यात आला. आधी त्यांनी दहा माणसांचं, इंजिन नसलेलं ग्लायडर केलं. मग स्वातंत्र्यानंतर ‘एच.टी.-२’. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं हे स्वतंत्र देशाचं पहिलं इंजिनाचं विमान, आणि तेही दोनच आसनांचं, शिकायचंच. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. हवाई दलानं ते घेतलं, आणि पुढे घाना देशाच्या नव्या हवाई दलालाही बारा विमानं गेली. १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली.

पण एच.टी.-२ होतं मुख्यतः सैन्यासाठी. सर्व धातूचं, १५५ अश्वशक्तीचं, दणकट. गावोगावच्या फ्लाइंग क्लबांना परवडेल, कमी पेट्रोल पिईल, बिघडलं तर गावातच दुरुस्त होईल असं काहीतरी हवं होतं. क्लब तोवर चालत होते टायगर मॉथवर. ती युद्धातून उरलेली दोन पंखांची, उघड्या बैठकीची जुनी इंग्रजी विमानं. ती म्हातारी झाली होती. त्यांची जागा घ्यायला घाटग्यांच्या हाताखाली पुष्पक तयार झालं.

आता जरा विमानच बघू या, कारण हे विमान आपल्याला म्हणजे घरात वावरणाऱ्या बायकांना समजण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या ‘एरोन्का चीफ’ या छोट्या विमानाशी त्याचं सख्खं नातं. पंख डोक्यावर, म्हणजे छपरासारखे, त्यामुळे बसल्याजागी खालची जमीन सरळ दिसते. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा मीटरच्या आसपास. इंजिन नव्वद अश्वशक्तीचं, म्हणजे आज दारात उभ्या असलेल्या लहान मोटारीत असतं तेवढंच. माणसं, पेट्रोल, सगळं धरून वजन सहाशे किलोच्या थोडं वर. आपल्याकडं कापसाच्या सीझनमध्ये बाजारसमितीच्या आवारात येणारी एखादी भरलेली गाडी याच्याहून जड असते. वेग ताशी एकशे तीस-चाळीस किलोमीटर. आदिलाबादहून सरळ रेघेत उडालं तर बेगमपेटला दोन तासांत, नागपूरला सव्वा तासात.

आणि अंग कापडाचं! आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सांगणारा थट्टा करतोय. पण कापडी विमानांची रीत तशीच. कापड आधी सांगाड्यावर ओढून बसवायचं, पंखाच्या प्रत्येक फासळीला मेण लावलेल्या दोऱ्यानं टाका घालून शिवायचं, ठराविक अंतरानं गाठ मारत. मग त्यावर ‘डोप’ नावाचं रोगण हात-हातभर चढवायचं. ते वाळताना कापड आवळतं आणि ढोलकीसारखं ताणून बसतं. बोटानं टिचकी मारली तर आवाज येतो. वाळवणाला पसरलेल्या पापडाची कड आवळते तशी काहीशी. एक टाका सैल राहिला तर वर हवेत कापड फुगणार, म्हणून तपासणारा दर टाका पाहणार. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हाताला जे कळतं तेच इथं लागतं, फक्त चुकीची किंमत वेगळी.

चाकं तीन, त्यातलं छोटं शेपटाखाली. त्यामुळे जमिनीवर उभं असताना विमानाचं नाक आकाशाकडे आणि शेपूट खाली. चालवणाऱ्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून जमिनीवर ते नागमोडी चालवत नेतात, एकदा डावीकडून बघायचं, एकदा उजवीकडून. उतरताना तर कसोटीच. पाय जरा चुकला की शेपूट पुढं यायला बघतं. जुने वैमानिक सांगतात की असल्या विमानावर शिकलेल्याचे पाय आयुष्यभर जागे राहतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बैठक. एच.टी.-२ मध्ये शिकवणारा आणि शिकणारा एकामागं एक बसतात. पुष्पकात शेजारी शेजारी. दोघांसमोर कंट्रोल, दोघांच्या पायाशी पॅडल. एकानं हलवलं की दुसऱ्याचंही हलतं. पहिल्या दिवशी शिकणाऱ्यानं नुसते हात ठेवायचे आणि शिकवणाऱ्याचे हात काय करतात ते अनुभवायचं. हळूहळू शिकवणारा आपला जोर काढून घेतो. आईनं लेकीच्या हातावर हात ठेवून पोळी लाटायला शिकवावी, इतकं ते सरळ आहे. उडायचं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, न थांबता परत उडायचं. अशा फेऱ्यांवर फेऱ्या. मग एक दिवस, शिकवणारा आधी काही न सांगता दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा, एक फेरी मारून ये. शेजारचं आसन रिकामं, विमान एका माणसाच्या वजनानं हलकं झालेलं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं. याला सोलो म्हणतात. ज्यांनी तो केला आहे त्यांना तारीख विचारा, लग्नाची विसरतील, ही नाही.

अशी पुष्पकं दीडशेच्या वर बनली आणि देशभरच्या क्लबांत गेली. सरकार क्लबांना अनुदान द्यायचं, त्यामुळे तासाचा खर्च मध्यम घराच्या आवाक्याच्या काठाशी तरी यायचा. आवाक्यात म्हणत नाही, काठाशी. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या काठावर अवलंबून आहे.

कारण उडायची हिंमत बायकांना पुष्पकानं दिली असं नाही. ती आधीपासून होती. मुंबई-दिल्लीचे फ्लाइंग क्लब १९२८ चे. उर्मिला पारीख यांनी १९३२ साली वैमानिकाचा परवाना मिळवला. १९३६ साली लाहोरला सरला शर्मा, पुढच्या सरला ठकराल, साडी नेसून जिप्सी मॉथ या दोन आसनी विमानात बसल्या आणि एकट्या उडाल्या. वय एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी. नवरा वैमानिक, सासरच्या घरात वैमानिकांची रांगच, आणि सासऱ्यांचं प्रोत्साहन. तिनं हजार तास उडाण केलं. १९३९ मध्ये नवरा अपघातात गेला. व्यावसायिक परवान्यासाठी ती जोधपूरला गेली, तर महायुद्धामुळे शिक्षणच बंद झालं. मग ती चित्रकला शिकली, फाळणीनंतर दिल्लीला आली, साड्यांची आणि दागिन्यांची नक्षी काढून तिनं स्वतःचा व्यवसाय उभा केला. २००८ साली ती गेली. तिच्या गोष्टीत लोकांना साडी आठवते. मला आठवतं की तिच्या सासरी विमान हे घरचंच वाहन होतं. ज्या घरात ते नव्हतं तिथल्या मुलीनं काय करायचं?

आपल्या हैदराबाद संस्थानातही एक बाई उडाली, आणि ती आपल्या जवळची म्हणून सांगायला हवी. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा, राजुरा आणि किनवट याच जिल्ह्याचे तालुके, भाषेसाठी ते १९५६ ला आपल्यापासून वेगळे झाले. बेगमपेटला फ्लाइंग क्लब होता आणि १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली डेक्कन एअरवेज ही कंपनी होती. प्रेम माथूर यांनी अलाहाबादला शिकून १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना घेतला. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. नोकरीसाठी त्यांनी कंपनीमागून कंपनीकडे अर्ज केले. आठ ठिकाणी नकार. कारण काय तर बाई चालवते आहे असं कळलं तर उतारू घाबरतील. अखेर नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. डाकोटा विमानावर त्या सहवैमानिक झाल्या. पण तास पूर्ण असूनही विमानाची पूर्ण जबाबदारी काही त्यांना तिथं मिळाली नाही. त्यांनी ती नोकरी सोडली. निजामाच्या राज्याबद्दल आपल्या घरांतून जे ऐकायला मिळतं ते काही गोड नसतं, रझाकारांच्या आठवणी अजून आहेत. तरी देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकाला पहिली खुर्ची, अर्धी का होईना, बेगमपेटला मिळाली हेही खरं आहे.

आता पुष्पकाकडे परत येते. हरियाणातलं कर्नाल हे साठ-सत्तरच्या दशकात लहानसं गाव. पण तिथं फ्लाइंग क्लब होता. फाळणीत सगळं सोडून आलेल्या एका कुटुंबाचं घर त्या क्लबापासून फार लांब नव्हतं. त्या घरातली धाकटी मुलगी भावाबरोबर सायकल चालवत डोक्यावरून जाणारं पुष्पक कुठवर जातं ते बघायची. वडिलांनी एकदा क्लबात विचारून तिला पुष्पकातून आणि ग्लायडरमधून फेरीही मिळवून दिली. ती मुलगी म्हणजे कल्पना चावला. अवकाशात जाण्याआधीच्या मुलाखतीत तिनं ही पुष्पकं नाव घेऊन सांगितली आहेत, आणि देशात मोजक्याच गावांत क्लब होते त्यातलं आपलं एक होतं हे आपलं नशीब, असा तिच्या बोलण्याचा भाव होता.

तिच्या बुद्धीबद्दल, कष्टाबद्दल आपण भाषणं ऐकली आहेत. तिनं स्वतः मात्र आधी गावाचं नाव घेतलं. क्लब दिल्लीत असता, कर्नालहून सव्वाशे किलोमीटरवर, तर ती सायकलवरून कशामागे गेली असती? मुलींचं असंच असतं. सायकलच्या अंतरावर जे आहे तेवढंच त्यांच्या वाट्याला येतं. मुलाला शिकायला लांब पाठवतात आणि मुलीला जवळ काय आहे ते विचारतात, हे आपल्या समाजात अजूनही संपलेलं नाही. म्हणून म्हणते, बायकांच्या दृष्टीनं पुष्पकाचं मोठेपण त्याच्या वेगात नव्हतं की उंचीत नव्हतं. ते लहान गावात पोचू शकत होतं, यात होतं.

आणि तेच टिकलं नाही. साठचं दशक संपता संपता पुष्पक बनवणं थांबलं. एच.ए.एल.चं लक्ष लढाऊ विमानांकडे गेलं, ते स्वाभाविकही होतं, देशानं तोवर दोन युद्धं पाहिली होती. कापडाची विमानं किती दिवस टिकणार? क्लबांकडे सेसना ही अमेरिकन विमानं आली, सुटे भाग डॉलरमध्ये. खर्च चढत गेला आणि लहान गावांतले क्लब एकेक करून नावापुरते उरले. मोठ्या विमानाला मान असतो, छोट्याला कुणी वाली नसतो. बालवाडीच्या बाईंचा पगार आणि कॉलेजच्या प्राध्यापकांचा पगार यात जे अंतर असतं, तेच इथं.

पुष्पक उडालं १९५८ ला. त्यानंतर क्लबांसाठी खास आखलेलं आणखी एक भारतीय विमान १९९३ साली उडालं. पस्तीस वर्षांनी! त्याचं नाव ‘हंस’. ते बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं, म्हणजे एन.ए.एल.नं केलं. हंसही दोन आसनांचं, शेजारी शेजारी बैठकीचं, पण कापड गेलं. काचतंतू आणि कार्बनतंतू राळेत भिजवून साच्यात घडवलेलं अंग, एका ओळीत सांगायचं तर मोठं, गुळगुळीत, न गंजणारं टरफल. वजन साडेसातशे किलो. २००० साली त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालं, काही क्लबांना विमानं दिली गेली, एक कानपूरच्या आय.आय.टी.त गेलं. पण सगळी मिळून वीसही बनली नाहीत. प्रयोगशाळा नमुना करते, कारखाना चालवत नाही. आणि कारखाना चालवायला कुणी शेठ पुढे आला नाही. इथं मला वालचंदांची आठवण फार झाली. सुधारलेलं ‘हंस-एनजी’ ३ सप्टेंबर २०२१ ला उडालं आणि २०२५ साली ते बनवण्याचा परवाना मुंबईच्या एका खाजगी कंपनीला दिला आहे. बघू या.

आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. हा आकडा आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाही. १९८५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर विमान नेलं तेव्हा त्या विमानातल्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. पण आज व्यावसायिक परवान्याला दोनशे तास उडावं लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. म्हणजे उडणारी मुलगी आता एकतर वैमानिकाच्या घरची, नाहीतर कर्ज काढायची ताकद असलेल्या घरची. सरला ठकरालच्या काळापासून आपण पुढं आलो खरे, पण कर्नालची ती सायकलवाली मुलगी मधल्या मध्ये गळते.

आपल्या समाजात पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पंचकल्याणकात हेलिकॉप्टर भाड्यानं आणून पुष्पवृष्टी केलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पाकळ्या खाली येताना फार सुंदर दिसतात, मीही हात जोडून वर बघत उभी राहते. त्या तासाभराच्या भाड्यात छोट्या विमानावर एका मुलीचे किती तास होतील, हा हिशोब पुढच्या वेळी बोली लागताना कुणीतरी मांडावा. कंकण, कलश, पाळणा यांच्या बोली लागतात, तशी एका मुलीच्या चाळीस तासांची बोली लागायला शास्त्राची काही हरकत दिसत नाही.

चाळीस तास म्हणते कारण खाजगी परवान्याला किमान तेवढे लागतात. वय सतरा पूर्ण पाहिजे. पुढं व्यावसायिक करायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, म्हणून दहावीनंतर “मुलीला काय करायचंय गणित” म्हणणाऱ्या मावशी-काकूंनी जरा दमानं घ्यावं. डोळे, कान, रक्तदाब यांची वैद्यकीय तपासणी असते. चष्मा असला म्हणजे संपलं, असं नाही.

तेव्हा आपल्या धावपट्टीसाठी निवेदनं जातील, आमदार-खासदारांना भेटायला शिष्टमंडळं जातील, त्यात व्यापारी मंडळ असेल, वकील मंडळी असतील, तर महिला मंडळानंही एक कागद द्यावा असं माझं मत आहे. मोठं विमान येईल तेव्हा येईल, त्याला लांब धावपट्टी लागेल, इमारत लागेल, रोजचे उतारू लागतील. दोन आसनांच्या विमानाला एवढं काही लागत नाही. एक शेड, एक शिकवणारा, एक मेकॅनिक, पेट्रोलची सोय, आणि पावसाळा सोडला तर आपल्याकडचं आभाळ. मागणीत फ्लाइंग क्लबचा शब्द आजच घातला तर नकाशात त्याला कोपरा तरी मिळेल. नकाशा एकदा मंजूर झाला की तिथं पार्किंग होतं.

पद्मपुराणातली अंजना आणि कर्नालची कल्पना, दोघींनाही पहिल्यांदा वर नेलं ते दुसऱ्या कुणीतरी. कल्पना तिथं थांबली नाही. अमेरिकेत तिनं विमानाचे आणि ग्लायडरचे परवाने मिळवले, आणि त्याबरोबर आणखी एक कागद मिळवला जो आपल्याकडच्या लेखांत क्वचितच येतो. तो होता शिकवण्याचा परवाना, विमानाचाही आणि ग्लायडरचाही. १ फेब्रुवारी २००३ ला ती गेली तेव्हा ती अंतराळवीर तर होतीच, पण दोन आसनांच्या विमानात शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून दुसऱ्याच्या हातात कंट्रोल द्यायचा अधिकारही तिच्याकडे होता.